तक्त्याखालची टीप

कोणताही कागद हातात आला की आमच्या ऑफिसातले बाबूजी आधी त्याचा वरचा अर्धा भाग डाव्या तळहातानं झाकायचे. मग चष्मा कपाळावर सरकवायचे, कागद नाकापाशी न्यायचे आणि अगदी तळाच्या बारीक अक्षरांपासून वाचायला लागायचे. लग्नपत्रिका असो, औषधाचं खोकं असो, विजेचं बिल असो, सगळ्याला हाच न्याय. "आधी खालचं वाच, बाई," मला म्हणायचे. "वरचं तं सारंच जग वाचते."

एकदा ऑफिसातल्या कुणाच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका टेबलावर फिरत आली. सगळ्यांनी देवाचं नाव, मुलामुलीचं नाव आणि मुहूर्त पाहिला. बाबूजींनी तळहात ठेवून खालचं वाचलं आणि मला हळूच सांगितलं, "जेवन मुहूर्ताच्या आधी हाये. आपन लवकर जाऊ." आम्ही दोघंच वेळेवर पोचलो आणि गरम जिलेबी खाल्ली. बाकीच्यांच्या वाट्याला चिवट पुऱ्या आल्या. दुसऱ्या दिवशी ते दिवसभर खुशीत होते, जसं काही विधानसभाच जिंकली.

ऑफिसचं नाव मी सांगत नाही. रायपुरात आहे, पोलीस खात्याशी संबंधित आहे आणि तिथं गुन्ह्यांची आकडेवारी गोळा होते, एवढं पुरे. नवऱ्याची बदली झाली म्हणून मी नागपूरहून इथं आले आणि कॉम्प्युटरवर आकडे भरायच्या कंत्राटी नोकरीला लागले. कंत्राटी म्हणजे दर मार्चमध्ये साहेबांच्या सहीसाठी तोंडाकडे बघत बसायचं. बाबूजी मात्र पक्के सरकारी; सगळेच त्यांना बाबूजी म्हणायचे. खात्यात तीस वर्षं काढलेली, निवृत्तीला वर्ष उरलेलं. आजोबा भंडाऱ्याकडून रेल्वेच्या कामाला आले आणि इथलेच झाले. बीरगावात घर, दसऱ्याला न चुकता नागपूरची गाडी. बाकी वर्षभर रजा घेतल्याचं मी पाहिलं नाही.

माझं मराठी ऐकून पहिल्याच दिवशी त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. "बाप्पा! कोनी तं भेटलं. घरी मी मराठीत बोलतो आन् पोट्टी हिंदीत जवाब देते." डब्यातली वांग्याची भाजी माझ्या झाकणात काढली. ती इतकी तिखट होती की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. "रडू नको," म्हणाले, "पहिला दिवस असाच जाते."

काम त्यांनीच शिकवलं. ठाण्याठाण्यांतून महिन्याचे कागद यायचे. कोण पकडलं, कशासाठी पकडलं, वय काय, समाज कोणता. आम्ही ते जोडून मोठा तक्ता करायचो. मला वाटायचं, यात काय अक्कल लागते? बेरीज तर कॉम्प्युटर करतो. असं म्हटलं की ते हसायचे आणि एक कागद पुढं सरकवायचे.

"हे नाव पाय. होळीले पकडला. गनपतीले पकडला. दुर्गापूजेले पकडला. निवडनुकीले पुन्हा पकडला. केलं काय तेनं?"

मी कागद बघायचे. काहीच केलेलं नसायचं. 'शांतता भंग होण्याचा संभव' एवढंच. संध्याकाळपर्यंत सोडूनही दिलेला असायचा.

"मानूस एक," ते बोटांवर मोजत म्हणायचे, "आन् तक्त्यात झाले चार. सन आला का गाडी निंघते. ठानेदारानं सांगतलं असते का एवढी मानसं आना. मंग गाडी कुठं जाईन? जिथं बंगले हायेत तिथं? तिथं कुत्रं भुकते आन् वकील निंघते. गाडी जाते आपल्या नेहमीच्या पाऱ्यात. हा गुन्ह्याचा आकडा नाई, बाई. हा गाडीच्या रस्त्याचा आकडा हाये."

पारा म्हणजे इकडं मोहल्ला. आणि कोणत्या पाऱ्यात कोण राहतं, हे रायपुरात शेंबडं पोरही सांगतं.

समाजाच्या रकान्याबद्दल तर त्यांच्याकडे एक किस्साच होता आणि तो ते रंगवून सांगायचे. एका ठाण्याचे आकडे विचित्र यायला लागले म्हणून ते स्वतः तिथं गेले. तिथल्या नोंदी लिहिणाऱ्या मुन्शीला विचारलं, हा समाजाचा रकाना तुम्ही कसा भरता? पकडलेल्याला विचारता का? मुन्शी म्हणाला, "पूछना क्या है सर, शकल से पता चल जाता है।" बाबूजी म्हणाले, बरं, माझी शकल बघा आणि सांगा. मुन्शीनं त्यांच्याकडे बघितलं. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, जाड चष्मा, खिशाला दोन पेनं, वर साहेबी हिंदी. आणि त्यानं छातीठोकपणे सांगितलं.

"मले तुमच्यातला धरलं ना तेनं!" बाबूजी टेबलावर थाप मारून हसायचे. "तुमच्यातला! माह्या आज्यानं ऐकलं असतं तं मसनातून उठून आला असता."

मीही हसायचे. 'तुमच्यातला' म्हणजे आमच्यातला, हे लक्षात आलंच असेल. समाजांची नावं मी इथं लिहिणार नाही. एकदा टाइप केली, तेवढी पुरे झाली.

त्यांच्या शेवटच्या वर्षात त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट होती, मुलीचं दुकान. मुलगी एकुलती एक. नवरा गेल्यावर माहेरी आलेली. बीरगावच्या घरात पुढच्या खोलीत दोन शिलाई मशिनी ठेवून ब्लाउज शिवायची आणि असं शिवायची की गोल बाजारातले दोन कापड दुकानदार गिऱ्हाइकांना तिच्याकडे पाठवायचे. पण बायका म्हणायच्या, बीरगाव लांब पडतं, कारखान्यांची धूळ उडते, एका ब्लाउजसाठी दोनदा कोण येणार? म्हणून शहरात जागा हवी होती. बूढापाऱ्यात तलावापासून दोन गल्ल्या आत एक गाळा सापडला. वर मालक राहायचा, खाली गाळा रिकामा. मालक म्हातारा, गोड बोलणारा. त्यानं मुलीच्या हातचं काम बघितलं, बायकोसाठी एक ब्लाउज शिवून घेतला, पसंत पडला आणि शब्द दिला.

मग काय! रोज सकाळी माझ्या टेबलापाशी दुकान बांधलं जायचं. आरसा कुठं, काउंटर कुठं, बायकांना बसायला बाकडं किती लांबीचं. मी म्हणायचे, "काका, पाटी तरी मराठीत लावा." ते म्हणायचे, "पाटी काहाले? शिलाई पाह्यली का बाई आपोआप येते." मला पहिला ब्लाउज फुकट होता. मी कापडही घेऊन ठेवलं होतं, जांभळं.

हे सगळं चाललं असताना नवे साहेब आले. तरुण, हुशार, आवाज कधी न चढवणारे. अशा माणसांची मला जास्त भीती वाटते. त्यांना एका मोठ्या बैठकीत पडद्यावर काहीतरी दाखवायचं होतं. त्यांनी बाबूजींना बोलावलं, मलाही बोलावलं.

"बाबूजी, एक तुलना चाहिए। समाजवार। कौन सा समाज, कितने अपराधी। एक स्लाइड।"

बाबूजी म्हणाले, "सर, अपराधी का नहीं बनेगा। पकड़े गए लोगों का बनेगा।"

"एक ही बात है।"

"एक बात नहीं है सर।"

साहेब हसले. बाबूजी नाही हसले. तक्ता तर करावाच लागणार होता, वरचा हुकूम. त्यांनी आठवडाभर खपून तो केला आणि मग तक्त्यापेक्षा मोठी टीप लिहिली. तळाला मावेना म्हणून तिचं आख्खं दुसरं पान झालं. पाठ झालंय मला ते पान. यातली बरीच माणसं नुसत्या संशयावरून धरलेली आहेत. एकाच माणसाची नोंद अनेकदा झालेली आहे. समाजाचा रकाना ठाण्यातल्या माणसानं अंदाजानं भरलेला आहे. खटल्यात कोण दोषी ठरलं आणि कोण सुटलं, ते यात नाही. पोलिसांची गाडी सगळ्या मोहल्ल्यांत सारखी जात नाही. म्हणून या आकड्यांवरून एका समाजाची दुसऱ्याशी तुलना करू नये. शेवटचं वाक्य त्यांनी मला ठळक करायला लावलं.

तक्त्यात त्यांचा समाज वरून दुसरा होता. माझा सगळ्यांत खाली. आम्ही दोघांनीही ते बघितलं. मी चहा आणायला उठले.

साहेबांनी दोन्ही पानं बघितली. म्हणाले, दुसरं पान पडद्यावर दिसत नाही, लोक कंटाळतात. बाबूजींनी हात जोडले, खरोखर जोडले. "सर, नीचे का हटाएँगे तो ऊपर का झूठ हो जाएगा।" साहेब म्हणाले, ठीक आहे, बघू.

बैठकीच्या आदल्या दिवशी बाबूजींनी कधी नव्हे ती अर्ध्या दिवसाची रजा टाकली. बूढापाऱ्यात सुतार यायचा होता, काउंटरचं माप घ्यायला. जाताना मला बजावून गेले, "दोन पानं हायेत. दोन्ही जातीन. लक्ष ठेव."

चारच्या सुमारास साहेब माझ्या टेबलाशी आले. स्वतः चालत. "मैडम, वो दूसरा पन्ना निकाल दीजिए। सिर्फ टेबल भेजिए।" मी म्हटलं, सर, बाबूजी... ते म्हणाले, "बाबूजी से मैं बात कर लूँगा।" आणि दोन पावलं जाऊन वळले. "आपका भी मार्च में रिन्यूअल है ना?"

एवढंच. धमकी नाही, काही नाही. हसून विचारलं, जसं कुणी मुलाबाळांची चौकशी करावी. मला दोन सेकंद लागले. दोनही नसतील. दुसरं पान काढलं, फाइल पाठवली आणि पर्स उचलून पाचच्या आत घरी गेले. घरी जाऊन भाजी निवडली. तुम्ही म्हणाल, पोटासाठी माणूस करतो. माझ्या घरात नवऱ्याचा पगार येतो हो, आम्ही उपाशी मरणार नव्हतो. मला फक्त नोकरी हवी होती. सकाळी उठून जायला एक टेबल हवं होतं. त्यासाठी केलं.

बैठकीत कुणीतरी पडद्याचा फोटो काढला. दोन दिवसांत तो मोबाइलवर गावभर फिरला. मग एका छापील पेपरात आला, वर मथळा होता, सरकारी आकड्यांनी उघड झालं वगैरे. रंगीत तक्ता, आमच्या ऑफिसचा. खाली काही नव्हतं. जिथं टीप असायला हवी तिथं पेपरवाल्यांनी कुलरची जाहिरात टाकली होती.

बाबूजींनी तो पेपर माझ्यासमोर उघडला. सवयीनं तळहात वरच्या भागावर ठेवला. कुलरच्या जाहिरातीकडे बराच वेळ बघत राहिले. मग पेपर नीट घडी घालून खणात ठेवला आणि कामाला लागले. मला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, निदान मी खोटं बोलले असते.

त्याच आठवड्यात मालकानं त्यांना बोलावलं. इतके महिने जे कधी विचारलं नव्हतं ते विचारलं. आडनाव तर माहीत होतं, पण "मतलब, आप लोग किस समाज से हुए?" बाबूजींनी सांगितलं. लपवायचं काय? मालक अगदी नम्रपणे म्हणाला, "बाबूजी, आप बुरा मत मानिए, घर में बात करनी पड़ेगी।"

"तुले माहीत हाये ना, 'घरात बोलतो' म्हंजे काय?" दुसऱ्या दिवशी मला म्हणाले. हसण्याचा प्रयत्न केला, जमलं नाही. "काउंटर बनून पडलं हाये सुताराकडे."

ते गप्प बसणारे नव्हते. दुसरं पान घेऊन मालकाकडे गेले. त्यांचा एक भाबडा विश्वास होता, आणि मी आजही त्याला भाबडाच म्हणते. त्यांना वाटायचं, माणूस वाईट नसतो, त्यानं फक्त खालचं वाचलेलं नसतं. वाचलं की कळतं. मालकानं कागद हातातही घेतला नाही. "आप लोग तो अपनी ही बोलेंगे ना।" पुन्हा गेले तर दारातूनच निरोप आला, मालक झोपलेत. सकाळचे अकरा वाजले होते.

मार्चमध्ये माझ्या कंत्राटावर सही झाली आणि त्याच महिन्यात ते निवृत्त झाले. शाल, नारळ, समोसे. साहेबांनी भाषण केलं, बाबूजी आकड्यांचे जादूगार होते म्हणाले. बाबूजी उत्तराला उभे राहिले. "जादू नहीं करता था सर, गिनता था।" एवढं बोलून बसले. टाळ्या वाजल्या. साहेबांनीही वाजवल्या.

त्यांचं टेबल आवरताना मी मदतीला गेले आणि मला राहवलं नाही. म्हटलं, "काका, ते पान मी काढलं."

"माहीत हाये." ते खणातल्या पेन्सिली गोळा करत होते. "फाइलवर नाव आन् वेळ पडते ना बाई. मी काय आंधळा हाये?"

"साहेबांनी सांगितलं होतं."

"तू नसतं काढलं तं दुसऱ्या कोनी काढलं असतं." मला हायसं वाटलं. मग त्यांनी वर बघितलं. "पन काढलं तू."

मी रडायला लागले. त्यांनी थोपटलं नाही. एका पेन्सिलीचं टोक करत बसले आणि टोक झाल्यावर ती मला दिली. ती घ्यावी की न घ्यावी, तेही मला कळेना. घेतली शेवटी.

महिन्याभरानं त्यांचा फोन आला. गाळा अजून रिकामाच होता. त्यांच्या मुलीनं फोन हातातून घेतला, नेहमीप्रमाणे हिंदीत बोलली. "दीदी, पापा की बात नहीं सुनते वो लोग। आप एक बार जाइए ना। आपकी सुनेंगे।" मागून बाबूजींचा आवाज आला, "तिले सांग, नुसतं वाचून दाखव म्हना. बाकी काई नको."

मी हो म्हटलं. आनंदानं म्हटलं, खरं सांगते. वाटलं, चला, देवानं फेडायची संधी दिली.

शनिवारी दुपारी आम्ही बूढा तलावाशी भेटलो. त्यांनी दोन पानं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणली होती, घामानं खराब होऊ नयेत म्हणून. ठळक वाक्याखाली लाल पेनानं रेघ मारली होती. "मी इथं बसतो," तलावाकाठच्या बाकड्याकडे बोट दाखवून म्हणाले. "मी आलो तं तो दारच नाई उघडायचा. तू जाय. हळू वाच. घाई करू नको."

गल्ली अरुंद, स्कूटरी आडव्यातिडव्या लावलेल्या. गाळ्याचं शटर बंद होतं. जिना चढून वर गेले. मालकानं दार उघडलं. मी म्हटलं, खालच्या गाळ्याबद्दल बोलायचं होतं. त्यानं नाव विचारलं. मी नाव सांगितलं, आडनावासकट. आणि त्या म्हाताऱ्याचा चेहरा असा उजळला म्हणून सांगू!

"अरे, आइए आइए! बैठिए। पहले क्यों नहीं आईं आप?"

पंखा लावला. बायकोला हाक मारली. चहा आला, सोबत बशीत घरची ठेठरी, म्हणजे इकडची बेसनाची कडबोळी, आली. बायकोच्या अंगातला ब्लाउज फार सुरेख शिवलेला होता. मी पर्समधल्या पिशवीला हात लावला. मालक सांगत होता, जागा तुम्हालाच हवी असेल तर मला काही विचारायचं नाही, तुमच्यासारखे लोक मिळतात कुठं आजकाल. "एक लोग आए थे। भले लोग ही थे, लड़की का काम भी अच्छा था। पर अखबार में आया ना वो सब। सरकारी आँकड़ा है, झूठ थोड़े होगा। आपने देखा होगा?"

इथं म्हणायचं होतं. इतकी सोपी जागा देव पुन्हा देत नाही. मीच टाइप केलाय तो आकडा, हे बघा त्याचं दुसरं पान, एवढं म्हणायचं होतं. प्लॅस्टिक माझ्या बोटांना लागत होतं. पण मला त्या खुर्चीत बरं वाटत होतं. पंख्याचा वारा येत होता, ती बाई "और लीजिए ना" म्हणत होती आणि दोन पानं बाहेर काढली की हे सगळं बंद होणार होतं. मग मीही 'आप लोग' झाले असते.

"हाँ," मी म्हणाले. "देखा था।"

चहा संपवला. ठेठरीही खाल्ली. जागेबद्दल नवऱ्याशी बोलून कळवते म्हणाले आणि जिना उतरले.

ते बाकड्यावरून उठूनच उभे होते. मला लांबूनच बघत होते.

"वाचलं?"

"हो."

"तेनं सोता वाचलं का तू वाचून दाखवलं?"

"मी वाचून दाखवलं."

"दोन्ही पानं? शेवटची ओळ?"

"हो काका. सगळं."

"मंग?"

"नाही म्हणाले."

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता पकडतील. तीस वर्षं दुसऱ्यांच्या कागदांतलं खोटं शोधलेला माणूस, माझ्यासारखीचं खोटं पकडायला त्याला किती वेळ लागणार? पण नाही पकडलं. माझ्यावर विश्वास ठेवला त्यांनी. दुसऱ्यांदा ठेवला.

"वाचूनसन बी?" त्यांनी विचारलं.

"हो."

"असं." ते पुन्हा बाकड्यावर बसले. तलावाकडे बघत बसले. लोक होडीत फिरत होते, कुणाचं तरी पोरगं ओरडत होतं. मग म्हणाले, "मी समजून राह्यलो होतो का लोकं वाचत नाई म्हनून असं होते. आता तं तो बी परश्न नाई राह्यला." मी पिशवी पुढं केली. त्यांनी हातानंच नको म्हटलं. मग बीरगावच्या ऑटोत बसले आणि गेले.

पावसाळ्याआधी त्यांनी रायपूर सोडलं. आता गोंदियाला असतात, भावाच्या घराशेजारी. मुलगी तिथंच शिवते. मध्यंतरी आमच्या शिपायाला गोंदिया स्टेशनवर भेटले होते. तो सांगत होता, बाबूजी खूप शांत झालेत. यानं त्यांना बदलीचा आदेश दाखवला, काही चूक आहे का बघा म्हणून. त्यांनी वरवर नजर फिरवली, "बरोबर असन," म्हणाले आणि कागद परत दिला.

मला सगळं माहीत आहे. त्या मालकानं काही वाचलेलं नाही. त्याला कुणी वाचून दाखवलेलंच नाही. दाखवलं असतं तर तो नाहीच म्हणाला असता, असं तुम्हाला वाटतं का? मला कधी वाटतं हो, कधी वाटतं नाही. पण बाबूजी आता जे धरून बसलेत, ते माझ्या खोट्यावर उभं आहे आणि ते पाडायला एक फोन पुरेल. नंबर आहे माझ्याकडे. फक्त एवढंच म्हणायचं की काका, मी ती पानं पर्समधून बाहेर काढलीच नाहीत, मी त्यांच्याकडे नुसता चहा पिऊन आले. कंत्राटाचा दुसरा मार्च होऊन गेला. मी अजून फोन केलेला नाही.